तिघींची नाव

१

शनिवारी आमची शाळा सकाळची असे. साडेअकराला सुटून घरी यायचे, जेवायचे, आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून निबंधाच्या वह्या तपासायच्या, हा माझा बारा वर्षांचा नेम होता. शरयू, माझी पत्नी, त्या वेळी गल्लीतल्या बायकांबरोबर शिवणाला गेलेली असे. सांगलीतले ते दोन खोल्यांचे बिऱ्हाड दुपारी इतके शांत असायचे, की टाक कागदावर चाललेला ऐकू येई.

१९४६ सालच्या भाद्रपदातल्या अशाच एका शनिवारी दार वाजले. बाहेर खाकी सदरा घातलेला, सहा फुटांचा, काळाकभिन्न माणूस उभा होता.

"अनंत मास्तर तुमीच न्हवं?"

"हो."

"मी सुभेदार हंबीरराव. कोथळवाडीचा. अर्जुनाचा थोरला भाऊ."

माझ्या हातात तांबड्या शाईचा टाक होता. तो मी खाली ठेवला. नीट ठेवला असे मला वाटले, पण नंतर पाहिले तर वहीवर मोठा डाग पडला होता.

अर्जुना तीन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या खोलीत नऊ दिवस राहिला होता. त्रेचाळीस साली भूमिगत झालेली पोरे इंग्रजी हद्दीतून सांगली संस्थानात येऊन लपत, त्यातलाच तो एक. माझा जुना विद्यार्थी. नऊ दिवसांनी तो घरी आईला भेटायला निघाला आणि कोथळवाडीच्या उतारावर, नदी पार करताना होडीत असतानाच पोलिसांनी दोन्ही काठ धरले. त्याने पुराच्या पाण्यात उडी टाकली. कृष्णेने त्याला तिसऱ्या दिवशी सांगलीच्या घाटावर आणून लावले.

"घाबरताय कशापायी?" हंबीरराव हसून म्हणाले. "आईला त्यानं चिठ्ठी धाडली हुती. मास्तरांच्या घरात पोटभर जेवतोय, म्हणून. ती चिठ्ठी आई अजून उशाला ठेवती. तवा म्यां लढाईवर. हातून काय झालं न्हाई. आता एक काम करतुया, त्याला तुमची इद्या पायजे."

ते झोपाळ्यावर बसले. कड्या करकरल्या.

"होडी बांधलीया. दसऱ्याला पाण्यात सोडायची. तिला नाव पायजे."

"कृष्णामाई आहे, गंगा आहे..."

"ती नगं. तिकडचं पायजे, ग्रीसातलं. सालभर हुतो तिथं. एका बंदरावर पहारा असायचा. तिथं एकूणएक होडीला बाईचं नाव, आन ती नावं त्यांच्या जुन्या देवादिकांची. एक म्हातारा कोळी हुता. आमच्याकडनं शिकलेल्या मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत बोलायचा. त्येनं सांगितलं, मास्तर, त्या मुलखात तीन बाया हायत्या. ज्यानं आपल्या घरच्या पावण्याचा घात केला, शब्द मोडला, रगत सांडलं, त्येच्या मागं लागत्यात. मरंतवर सोडत न्हाईत. त्यांचं नाव मी इचारलं तर म्हातारा तोंडावर हात ठेवून गप. ते नाव तुमच्या पुस्तकात असंल."

२

होते. ग्रीक पुराणकथांचे एक जुने इंग्रजी पुस्तक मी पुण्याहून आणले होते. ते काढले खरे, पण पाने उलटताना मी मुद्दाम दुसरीकडेच रेंगाळत होतो.

"थेटिस घ्या," मी म्हणालो. "समुद्राची कन्या. मोठ्या वीराची आई."

"त्येचं काय झालं?"

"लढाईत मेला."

"मग नगं. आमची आई हाय ती बास हाय."

"गॅलेटिया. पाण्यातली अप्सरा. दुधासारखी गोरी."

"उसाच्या मोळ्या वाहायची होडी हाय मास्तर, नाचायला न्हाई न्यायची." मग त्यांचा आवाज खाली आला. "त्या तिघींचं सांगा."

मला ते पान पाठ होते. तरी मी वाचल्यासारखे केले. त्या तिघी; केसांत साप; डोळ्यांतून रक्त गळते. त्यांचे खरे नाव घेतले तर त्या येतात, म्हणून लोक त्यांना गोड नावाने हाक मारत. आपल्याकडे रात्री सापाला जनावर म्हणतात, अंगावर आलेल्या देवीला बाई म्हणतात, तसेच. त्यांनी नाव ठेवले होते युमेनिडीस. म्हणजे कृपाळू.

"कृपाळू," हंबीररावांनी शब्द तोंडात घोळवला. "ब्येस हाय. लिवून द्या."

मी एका पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले. खरे नाव दिले नाही. गोड नावाने काय होणार आहे, असे मी स्वतःला सांगितले. मी इंग्रजी शिकवणारा माणूस. पुराणातल्या बायकांना भिण्याचे मला कारण नव्हते.

"कुणासाठी हे नाव?" मी विचारले.

"ज्यानं अर्जुनाला दावलं त्येच्यासाठी. धुळा नावाडी. त्येलाच ठाऊक हुतं ना, अर्जुना कवा येणार ते. पोरांनी तवाच त्येचे तळवे फोडल्यात, आता खुरडत चालतुया. पण तेवढ्यानं भागत न्हाई. दसऱ्याला समदं गाव पार करून झालं की श्येवटच्या खेपंला मी, तुमी आन धुळा. मधल्या डोहात त्येला एकच सवाल इचारणार. नाव तुमी दिलंय, तवा साक्षीला तुमीच."

ते उठले, कागद खिशात घातला आणि गेले.

मी दार लावून वळलो. सहा फुटांचा माणूस झोपाळ्यावरून उठला, की झोपाळा दोन-चार वेळा हलतो, मग थांबतो. तो हलत नव्हता. रिकामी फळी जागच्या जागी होती आणि चारही कड्या ताठ होत्या, माणूस बसल्यावर असतात तशा. मी वर आढ्याकडे पाहिले. कडीचा आकडा लाकडात रुतून बारीक करकरत होता.

झोपाळा घरमालकाचा होता आणि जुना होता. आकडा गंजून अडकला असेल. मी वह्या उचलल्या आणि उरलेल्या मागच्या खोलीत जाऊन तपासल्या.

३

आता सांगून टाकतो, म्हणजे पुढचे समजायला अडचण नाही.

धुळाने अर्जुनाला दाखवले नव्हते. मी दाखवले होते.

अर्जुना आमच्याकडे आल्यावर आठव्या दिवशी शाळेच्या वाटेवर साध्या कपड्यातला एक माणूस माझ्याबरोबर चालू लागला. शिवीगाळ नाही, दमदाटी नाही. "मास्तर, तुमच्या घरात धान्य जास्त लागतंय," एवढेच म्हणाला. मग म्हणाला, "झडती घेतली तर बाईमाणसाला त्रास होतो. नोकरी जाते. मला तुमच्या घरात यायचंच नाही. तो कुठून जाणार तेवढं सांगा." शरयूला त्या वेळी दिवस गेले होते. मी चालता चालता सांगितले, "गुरुवारी सकाळी, कोथळवाडीचा उतार." तो रस्ता ओलांडून गेला. सगळे मिळून हजेरी घ्यायला लागतो तेवढा वेळ.

त्या रात्री अर्जुना माझ्या शेजारी जेवला. शरयूने त्याला तिसऱ्यांदा भात वाढला.

घाटावर त्याला आणले तेव्हा मी गर्दीत होतो. पुढे आमचे मूल वाचले नाही, पण त्याचा याच्याशी संबंध जोडणे हा वेडगळपणा आहे, असे मी मानत होतो. धुळाचे तळवे फोडल्याचे ऐकले तेव्हा मात्र दोन दिवस जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले.

आता धुळाला डोहात नेणार होते. मी पत्र लिहू शकत होतो. पंधरा दिवस होते. रोज सकाळी कागद घ्यायचो आणि रोज शाळेची वेळ व्हायची.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्या गाडीने भिलवडी स्टेशनला उतरलो. हंबीररावांनी टांगा पाठवला होता. मी चढलो आणि टांगा असा मागे बसला, की घोडे पुढून उचलले गेल्यासारखे झाले. टांगेवाल्याने वळून पाहिले.

"मास्तर, सामान काय आणलंय म्हणायचं?"

माझ्याकडे एक छत्री होती.

"मग पुढं सरकून बसा. मागं लय भार झालाय."

मी पुढे सरकलो. टांगा तसाच राहिला. वाटभर घोडे फेसाळत होते आणि टांगेवाला शिव्या देत होता, घोड्याला, रस्त्याला, नंतर नंतर कुणालाच उद्देशून नाही. कोथळवाडीच्या वेशीवर मी उतरलो तेव्हा तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "परतीला दुसरा टांगा बघा."

घोडे आजारी असेल. आस वाकलेला असेल. मी हे मनात दोनदा म्हटले.

४

होडी देखणी होती. नवे सागवान, ताजे डांबर, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पांढऱ्या रंगात माझे अक्षर थोरले करून काढलेले. गावाने त्या नावाचे आधीच 'उमानिदी' करून टाकले होते. बायका म्हणत होत्या, "उमा म्हंजे पार्वतीच की."

हंबीररावांची आई मनुबाई पाटावर बसून ओटीचे ताट लावत होती. सुकलेली, ताठ म्हातारी. ताटात तीन खण, तीन नारळ, तांदळाच्या तीन मुठी.

"तिघी हायत्या न्हवं मास्तर?" तिने मला विचारले. "हंबीर म्हणला."

"हो."

ती होडीपाशी गेली, पुढच्या फळीवर तिन्ही ओट्या ओळीने ठेवल्या आणि नाळेला दोन्ही हात लावून बोलली. आवाज चढवला नाही. शेजारणीशी बोलावे तशी बोलली.

"बायांनू, तुमचा मुलूख लांबचा. तुमास्नी हितलं काय ठावं न्हाई. माझा ल्योक भरल्या पाण्यात गेला. त्येला ज्यानं दावला त्येच्या अन्नात ऱ्हावा, पाण्यात ऱ्हावा, अंथरुणात ऱ्हावा. त्येला मारू नगा. मेला म्हंजे सुटला. मारू नगा."

काठावर तीनशे माणसे होती. माझ्या मागे कुणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला, अगदी मानेजवळ, गार. मी वळून पाहिले. मागे वाळू होती.

खेपा सुरू झाल्या. होडी बांधणारा बिराप्पा सुतार काठावर उभा राहून बाहेरच्या अंगाला पाणी कुठवर येते ते पाहत होता. त्याने खडूने खुणा केल्या होत्या. "धा माणसं बसली तर हितवर," तो अभिमानाने सांगत होता, "ईस बसली तर हितवर. तरी चार बोटं मोकळी." आणि तसेच होत होते. गाव पैलतीराला सोने लुटून परत आले.

उन्हे चढल्यावर हंबीरराव म्हणाले, "धुळा, चल."

धुळाला दोघांनी धरून आणला. पन्नाशीचा माणूस, पाय बाहेरच्या कडांवर टेकत खुरडणारा. त्याला कळले होते. त्याने कुणाला विनवले नाही. होडीत बसल्यावर सवयीने दोन्ही वल्ही जागेवर लावली, आणि मग हात मांडीवर ठेवले.

हंबीरराव चढले. होडी पिसासारखी तरंगत होती.

"या मास्तर."

मी पाय टाकला.

होडी खाली गेली. कलली नाही, डुचमळली नाही. विहिरीत घागर उतरते तशी सरळ खाली गेली. वीस माणसांची खूण बुडाली. पाणी होडीच्या काठाच्या एक बोट खाली येऊन थांबले. बिराप्पा काठावरून ओरडला, "आरं, थांबा थांबा! भोक पडलं काय?"

तो पाण्यात उतरला. बाहेरून चाचपले, आत वाकून पाहिले. तळ कोरडा होता.

हंबीरराव काही क्षण पाण्याच्या रेषेकडे पाहत राहिले. मग लष्करातला माणूस बंदुकीत बिघाड शोधतो तसे एकेक करून पाहू लागले.

"धुळा, उतर."

धुळा उतरला. होडी केसभर वर आली.

हंबीरराव स्वतः उतरले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. आता होडीत मी एकटा होतो. पाणी अजूनही तिच्या काठाच्या बोटभरच खाली लहरत होते.

"मास्तर, तुमचं वजन किती?"

"एकशेआठ पौंड." शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी सांगितलेले माझ्या तोंडून बाहेर पडले.

"अर्जुना तुमच्या घरी किती दीस हुता?"

"नऊ."

"तो कवा, कुठनं जाणार, हे त्येनं तुमास्नी सांगितलं हुतं?"

मी पुढच्या फळीकडे पाहिले. तीन ओट्या होत्या. ती दोन इंच जाडीची सागवानी फळी मधोमध वाकली होती.

"हो," मी म्हणालो. "मला माहीत होतं. मीच सांगितलं, सुभेदार. मी सांगितलं."

मला वाटले, आता ते माझा गळा धरतील. मला ते हवे होते, हे त्या क्षणी कळले. हंबीररावांचे हात उठलेही. पण काठावरून मनुबाई म्हणाली, "हंबीर." बस्, एवढेच. त्यांनी हात खाली घेतले आणि पाण्यातच वळून धुळाकडे पाहिले. त्या थोराड माणसाचा चेहरा मला पाहवेना. ते धुळाच्या पायांकडे पाहत होते.

"धुळा..." ते म्हणाले.

धुळा खुरडत होडीपर्यंत आला. त्याने पहिले वल्हे काढून खांद्यावर घेतले. फेरी मारून पलीकडे गेला आणि दुसरे काढले.

"वल्ही ऱ्हाऊ द्या हिकडं," तो हंबीररावांना म्हणाला. तीन वर्षांत कुणाला उद्देशून त्याने काढलेले ते बहुधा पहिलेच शब्द असतील. "मास्तरला लागायची न्हाईत. नेणाऱ्या हायत्या."

मग त्याने खुंट्याचा दोर सोडला.

५

आश्विनात कृष्णेला ओढ असते. होडी मधल्या धारेला लागली आणि सांगलीच्या दिशेने चालू लागली. मला पोहता येत नाही. होडीच्या काठाशी पाणी आले होते, पण सबंध दिवसात एक थेंब आत आला नाही. बुडवायचे नव्हतेच.

मी मागच्या फळीवर बसलो होतो. होडीची नाळ पुढे खाली झुकली होती आणि माझी बाजू वर उचललेली. म्हणजे सगळा भार समोर होता, माझ्याकडे तोंड करून. समोर ऊन, नारळ, वाकलेली फळी. मी मोठ्याने बोलायचा प्रयत्न केला. म्हणालो, तेव्हा मी भयंकर भ्यालो होतो, शरयूला त्रास झाला असता, मी त्याला बंदुकीने नाही मारले. प्रत्येक वाक्यानंतर ती फळी थोडी करकरे, जशी माणसे नीट ऐकू यावे म्हणून पुढे सरकतात.

काठावर म्हशी धूत असलेल्या बाप्यांनी मला हाका मारल्या. होडी जवळ आली, की ते गप्प होत.

दिवस कलताना आयर्विन पूल आला. होडी कमानीखाली शिरली. उन्हातून एकदम सावलीत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग हळूहळू दिसू लागते. तसे मला दिसू लागले. तीन पदर, डोक्यावरून पुढे ओढलेले, निथळणारे. पदराखाली मी पाहिले नाही. मधलीने हात पुढे केला होता. पानावर बसलेल्याला आणखी वाढू का म्हणून विचारताना करतात, तसा. तो हात माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता.

कमान संपली. ऊन आले. समोर नारळ होते.

होडी आपोआप घाटाला लागली. जिथे अर्जुनाला आणून लावले होते, त्याच पायरीला. मी उतरलो आणि मागे न पाहता घरी चालत गेलो. पायऱ्यांवर धुणे धुणाऱ्या बायका उठून बाजूला झाल्या. एका माणसाला लागते त्याहून बरीच जास्त वाट त्यांनी दिली.

दिवेलागण झाली होती. शरयूने दार उघडले. "किती उशीर..." एवढे म्हणून ती थांबली. माझ्या खांद्यावरून मागे पाहिले. चटकन पदर सारखा केला आणि दारातून सरून उभी राहिली. मी आत गेलो तरी ती दार धरून उभीच होती, शेवटचे माणूस आत येईपर्यंत. मग तिने दार लावले.

"पाहुण्या आणणार होता तर सांगायचं तरी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "चिंब भिजल्यात हो त्या."

त्या रात्री मी तिला सगळे सांगितले. ती रडली नाही. तिसऱ्यांदा भात वाढल्याचे तिलाही आठवत होते, एवढे म्हणाली.

कोथळवाडीची माणसे दोन दिवसांनी येऊन होडी घेऊन गेली. ती आता धुळा चालवतो. हंबीररावांनी ती त्याच्या नावावर करून दिली, आणि ऐकतो की वीस माणसे बसली तरी चार बोटे मोकळी राहतात. मी फौजदार कचेरीत जाऊन सांगितले, शाळेतही सांगितले. सत्तेचाळीस साल उजाडले होते, जुनी प्रकरणे कुणाला नको होती. मला शिक्षा झाली नाही. माझी शाळा सुटली, तीही मीच सोडली.

शरयू सहा महिने राहिली. मग वाईला माहेरी गेली. टांगा दाराशी उभा असताना मी तिला विचारले, त्यांची भीती वाटते म्हणून जातेस का?

"छे हो," ती म्हणाली. "त्या मला काही करत नाहीत. कधी शिवलेल्यासुद्धा नाहीत. तुम्ही जेवायला बसलात, की तिघी समोर येऊन बसतात आणि तुम्ही घास उचललात, की पुढे वाकतात. त्यांचे डोळे तुम्हाला दिसत नाहीत. मला दिसतात."

तिने पिशवी उचलली.

"ते मला बघवत नाही."